दिव्याच्या यंत्राविषयीचा माझा निर्णय

सोमवार, ४ फेब्रुवारी

या नोंदींनी काय सिद्ध करायचे आहे ते आरंभीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीनुसार ते बदलता येणार नाही. साध्य असे: धाकट्या बहिणीने रुग्णालयात आणलेल्या तपासणी-यंत्राची पारख करताना मी बहिणीच्या बाजूला झुकले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. गावात तापाची साथ आहे. ताप छातीत उतरतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आमच्या रुग्णालयात नाकातून नमुना घेतात आणि तो मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवतात. निकाल दुसऱ्या दिवशी येतो, कधी तिसऱ्या. तोवर रोग असलेले आणि नसलेले एकाच व्हरांड्यात, एकाच बाकावर खोकत बसतात. धाकटी इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिने एका तरुण अभियंत्याच्या मदतीने असे यंत्र उभे केले आहे, जे प्रकाशाने तापते आणि चहाचा कप निवेपर्यंत जागच्या जागी निकाल देते. ते वापरात आणावे की नाही हे ठरवायला समिती नेमली असून मी तिच्यावर बाहेरची सदस्य आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. वैद्यकातले मला फारसे कळत नाही; एखाद्या विधानाखाली पुरावा आहे की नुसती इच्छा, एवढे मात्र कळते.

नाते मी पहिल्याच बैठकीत जाहीर केले आणि बाजूला होण्याची तयारी दाखवली. अधीक्षक म्हणाले, "बाई, या गावात तुमचं नातेवाईक, शेजारी किंवा विद्यार्थी नसलेलं माणूस मी आणू कुठून? बसा तुम्ही. तुम्ही बहिणीलाही सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

हे मी प्रशंसा म्हणून स्वीकारले.

धाकटी आणि मी एकाच घरात राहतो. खालचा मजला माझा, वरचा तिचा, जेवण माझ्या टेबलावर. रात्री ताट पुढे ओढत ती म्हणाली, "ताई, तू नाही म्हणायला हवं होतंस."

"का? मी पक्षपात करीन असं वाटतं?"

"करशील की. माझ्या विरुद्ध."

दमली की ती असे बोलते.

बुधवार, ६ फेब्रुवारी

यंत्र पाहिले. शाळेत नेण्याच्या डब्याएवढे आहे. तत्त्व मी असे समजून घेतले. नमुन्यात रोगाचा अंश इतका थोडा असतो की तो दिसत नाही. थेंब आळीपाळीने तापवून आणि निववून त्या अंशाच्या प्रती वाढवाव्या लागतात, मगच तो नजरेस येतो. जुन्या यंत्रात त्यासाठी धातूचा ठोकळा तापवतात आणि ठोकळ्यामार्फत नळी. ठोकळा तापायला वेळ घेतो, निवायला त्याहून अधिक, आणि वीज खातो ती वेगळीच. नव्या यंत्रात ठोकळाच नाही. लहानशा खळग्याच्या तळाशी काळा लेप आहे. खालून एलईडी दिव्याचा झोत पडला की लेप क्षणात तापतो आणि वरचा थेंब तापवतो. दिवा विझला की थेंब आपोआप निवतो. एवढ्याशा कामाला बॅटरी पुरते. प्लॅस्टिकचा कचराही बराच कमी होतो.

अभियंत्याला इथे सगळे 'दिवेवाला' म्हणतात, आणि तोही त्या नावाला ओ देतो.

"बाई, चमचाभर दूध गरम करायला अख्खी चूल घर तापवून सोडते, ती जुनी तऱ्हा," तो म्हणाला. "आम्ही नुसतं दूध तापवतो."

"उपमा म्हणजे पुरावा नव्हे."

"नाहीच. पण अधीक्षकसाहेबांना उपमेनं समजलं. पुरावा दाखवला तेव्हा ते घड्याळ बघत होते."

धाकटी हसली. मी हसले नाही. हसण्याजोगे होते, हे मात्र नोंदवते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पद्धत मी ठरवली. प्रत्येकाचा नमुना एकदाच घ्यायचा आणि दोन नळ्यांत वाटायचा. एक नळी लगेच दिव्याच्या यंत्रात. दुसरी नेहमीच्या गाडीने शहरातल्या जुन्या यंत्राकडे. नळ्यांवर नावे नाहीत, फक्त खुणा. कोणती खूण कोणाची, हे अधीक्षकांच्या कुलपात. शहराचा निकाल हे माप. जिथे नवे यंत्र मापाशी जुळणार नाही, तिथे नव्याची चूक धरायची.

"शेवटचं वाक्य काढ," धाकटी म्हणाली.

"कारण?"

"शहरात पोचेपर्यंत नळ्या दिवसभर पेटीत हिंडतात. बर्फ टिकत नाही. आजार नुकताच सुरू झाला असेल तर नमुन्यात मुळातच थोडं असतं, ते वाटेतच विरतं."

"पेटीच्या तापमानाची नोंद आहे?"

"नाही. गाडी आपली नाही ना."

"मग हे तुझं मत झालं."

"मत? ताई, मी आयुष्यभर हेच काम करतेय."

"मीही."

दिवेवाला मध्ये पडला. एकाच नमुन्याची एक नळी पेटीतून आणि एक चांगल्या बर्फातून पाठवून पाहावी, असे त्याने सुचवले. मी नकार दिला. मापालाच माप लावायला बसलो, तर त्या दुसऱ्या मापालाही तिसरे लागेल, आणि हे कधी संपणार नाही. कुठेतरी थांबावे लागते. शहाणी माणसे मान्य मापापाशी थांबतात. यावर कोणाला उत्तर सुचले नाही. बैठक वेळेआधी संपली.

सोमवार, ११ फेब्रुवारी

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. खुणांच्या याद्या तपासून डोळे शिणले. धाकटी जेवायला बसली आणि भाजीत चमचा तसाच ठेवून खुर्चीतच झोपली. मी उठवले नाही. ताट झाकले. मलाही उठवत नव्हते.

शनिवार, १६ फेब्रुवारी

खुणा फोडल्या. जवळजवळ सर्वत्र दोन्ही यंत्रांचे एकमत आहे. शहराने पकडलेला एकही रुग्ण नव्या यंत्राने सोडलेला नाही. हे मी स्वच्छ शब्दांत नोंदवले. पाच ठिकाणी मात्र नवे यंत्र 'आहे' म्हणते आणि शहर 'नाही' म्हणते. पाचही ठिकाणी नव्या यंत्राची खूण फिकट आहे. भास जिथे होण्याचा संभव अधिक, तिथेच तो झाला, असा निष्कर्ष मी मांडला.

कर्मचाऱ्यांचे नमुनेही यात होते. पाचांतला एक धाकटीचा निघाला.

अधीक्षकांनी आधी कागदाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. धाकटी म्हणाली, "हा भास नाही. माझा घसा कालपासून दुखतोय."

"घसा सगळ्यांचाच दुखतो. आठवडाभर आपण मास्कमधून ओरडून बोलतो आहोत."

"ताई, मी यंत्राची वकिली करत नाहीये. साधं विचारतेय. सोमवारी मी कामावर यायचं की घरी बसायचं?"

"नियम काय आहे?"

"शहर 'नाही' म्हणालं तर कामावर."

"मग मला का विचारतेस?"

अधीक्षकांनी घसा खाकरला. "बाई, दोन-चार दिवस घरी बसल्या तर काय बिघडतं?"

मी त्यांना दुहेरी पेच समजावून सांगितला. एकट्या धाकटीला घरी बसवले, तर ते माझी बहीण म्हणून. पाचही जणांना वेगळे ठेवले, तर ज्या यंत्राची पारख चालू आहे त्याचा निकाल पारख संपण्याआधीच खरा मानला. तिसरा मार्ग नाही.

"परक्या माणसानं आणलेल्या यंत्राला तुम्ही एवढे प्रश्न विचारले असते?" त्यांनी विचारले.

प्रश्न अप्रस्तुत होता. तसे मी म्हटले.

सर्वांनी सह्या केल्या. वाक्य माझे आहे: "नव्या यंत्राने पाच वेळा चूक केली, सबब ते वापरात आणू नये." पाचही जण मोकळे झाले. दिवेवाल्याने यंत्राची वायर काढली, मऊ फडक्याने खळगे पुसले, आणि ते कपाटाच्या खालच्या खणात ठेवले. ते पाहवले नाही. पण न पाहवणे हे काही कारण होऊ शकत नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी

धाकटीने अबोला धरला आहे. शनिवारपासून ताट वर नेते. काही सांगायचे झाले तर जिन्यावर उभी राहून सांगते, तेही मास्क लावून, जणू मी कोणी परकी. आज सकाळी मी न्हाणीघरात असताना खाली आली आणि माझ्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडून गेली. मला थंडी वाजते, असे मी ओरडून सांगितले.

"वाजू दे," ती जिन्यावरून म्हणाली.

कामावर मात्र वेळेवर गेली. हरलेल्या पक्षाला एवढा राग माफ असतो. मी वाद वाढवला नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

आजही तेच. भांडीसुद्धा वरच घासते. माझ्या मोरीत आणत नाही. हे फारच झाले. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून मी म्हटले, "तुला हार पचत नाही."

वरून खोकण्याचा आवाज आला, बराच वेळ. मग ती म्हणाली, "ताई, तिथंच थांब. वर येऊ नकोस."

मी वर गेले नाही. तिने सांगितले म्हणून नव्हे. मलाही मान आहे.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

दुपारी दिवेवाल्याचा फोन आला. धाकटी प्रयोगशाळेत उभ्याउभ्या खाली बसली, आणि बसलेली उठेना. ऑक्सिजन लावला आहे. नवा नमुना शहरात पाठवला आहे. पण तिच्याकडे पाहिल्यावर कोणी निकालाची वाट पाहिली नाही.

डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी उभ्यानेच प्रश्न विचारले.

"घरी तुम्ही दोघीच? एकत्र जेवता?"

"जेवत होतो. शनिवारपासून ती वर जेवते."

"शनिवारपासून. का?"

"आमच्यात मतभेद झाला होता. तिने अबोला धरला आहे."

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग विचारले, "तुम्हाला ताप, खोकला?"

"काही नाही."

"खिडक्या उघड्या असायच्या?"

मी होकार दिला. त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या.

उरलेल्या चौघांपैकी तिघे ताप घेऊन परत आले आहेत. हे मला अधीक्षकांनी सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आले असते.

संध्याकाळी तिचे कपडे आणायला वर गेले. न्हाणीघरात तिचे एक ताट, एक वाटी, एक पेला, वेगळ्या बादलीत, उकळत्या पाण्याने धुऊन पालथे घातलेले. उशाशी ताप मोजायची काडी. दाराच्या आतल्या बाजूला, जिन्याकडून दिसणार नाही अशी, एक खुर्ची. तिथे बसून ती माझ्याशी बोलत असणार. उभे राहवत नसावे.

याला रुसवा म्हणत नाहीत. मी म्हटले.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दिवेवाल्याने सुचवलेला प्रयोग आज मी स्वतः केला. नुकताच ताप आलेल्या तीन माणसांचे नमुने नर्सला घ्यायला लावले, प्रत्येकाच्या दोन नळ्या. एक नळी नेहमीच्या पेटीत. दुसरी ताज्या बर्फाने भरलेल्या थर्मासात, आणि थर्मास माझ्या मांडीवर. दोन्ही शहरातल्या जुन्याच यंत्रात जायच्या. नमुना तोच, यंत्र तेच. फरक फक्त वाटेचा. नव्या यंत्राचा यात काहीही संबंध नाही, म्हणून त्याच्या बाजूने कोणी बोलले असेही म्हणता येणार नाही.

गाडीचालकाने मला पुढे बसवले. "आजी, पेटी पायाशी घ्या. मागं खोके आहेत."

"पेटी नेहमी कुठे असते?"

"जिथं जागा असेल तिथं."

गाडी आधी एका दवाखान्यात थांबली, मग दुसऱ्या, मग आणखी एका. प्रत्येक ठिकाणी नळ्यांची आणखी एक पिशवी यायची, झाकण उघडायचे, आणि ती आत घालून होईपर्यंत चालक आणि तिथला माणूस गप्पा मारायचे. एके ठिकाणी कागदावर सही करणारा जेवायला गेला होता. गाडी उन्हात उभी राहिली. चालकाने सीट मागे पाडून डोळे मिटले.

"रोज एवढा वेळ लागतो?" मी विचारले.

"आज लवकर आटपलं, आजी. तुम्ही आहात म्हणून मी चहाला थांबलो नाही."

मी पेटीत हात घातला. बर्फ नव्हता. पाणी होते, आणि पाणी कोमट होते. नळ्या त्यात आडव्या तरंगत होत्या. एवढे कळायला तर्कशास्त्र लागत नाही. हात पुरतो. तो मला आठ तारखेलाच घालता आला असता.

परतीच्या वाटेवर पाठ फार दुखली. चालकाने रेडिओ लावू का विचारले. मी लाव म्हटले.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

निकाल आले. तिन्ही जोड्यांत थर्मासातली नळी 'आहे' म्हणते. पेटीतल्या तिन्ही 'नाही' म्हणतात. पाचांतला शेवटचा माणूसही काल ताप घेऊन आला.

बैठक लहान झाली. मी निर्णय मागे घेतला. अधीक्षकांनी कपाट उघडायला सांगितले. व्हरांड्यातल्या पहिल्या रांगेचे नमुने बैठक संपण्याआधी यंत्रात गेले होते. जाताना दिवेवाला माझ्यापाशी थांबला. काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, बसा जरा. तुम्ही पडाल." आणि त्याने खुर्ची सरकवली. याहून त्याने शब्दाने मारले असते तर मला सोपे गेले असते.

चार तारखेची नोंद पुन्हा वाचली. साध्य अजूनही उभे आहे: मी बहिणीच्या बाजूला झुकले नाही. ते सिद्ध झाल्याचा आज कोणाला काही उपयोग दिसत नाही.

दुपारी तिला भेटू दिले. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ती, दोघींच्या कानाला फोन. डॉक्टर सांगतात, जीवाचा धोका टळला. पण फुप्फुसे पूर्वीसारखी होणार नाहीत, आणि दिवसभर उभे राहण्याचे काम तिने आता विसरावे. हे तिला सांगितलेले आहे. तिच्या नाकात नळी आहे. दोन शब्दांच्या मध्ये ती थांबते.

"निकाल?" तिने विचारले.

"थर्मासातल्या तिन्ही 'आहे'. पेटीतल्या तिन्ही 'नाही'."

"म्हणजे मी खरंच आजारी आहे." ती थांबली. "बरं झालं. सिद्ध झालं."

मला हसता आले नाही. ती हसायला गेली आणि खोकली. नर्सने काचेतून मला हाताने खूण केली, बोलणे आवरा म्हणून.

"यंत्र बाहेर काढलं," मी म्हटले. "आज सकाळपासून चालू आहे."

"लेप तपासायला सांग. ठेवून ठेवून ओल धरतो."

"सांगते. आणि मी समितीला लिहिते आहे. चार पानं झाली."

"चार पानांत काय आहे?"

"कारणं. त्या वेळी जो पुरावा उपलब्ध होता, त्यावरून—"

"कारणं नको लिहूस, ताई." श्वास घ्यायला तिला वेळ लागला, मी वाट पाहिली. "तुझी कारणं नेहमी बरोबरच असतात. ती ऐकून सगळे गप्प बसतात. मी पण बसले."

"मग काय लिहू?"

"चूक लिही. एकच. आणि खाली सही कर."

"तुझी माफी—"

"ती समितीला कशाला?" ती म्हणाली, आणि फोन नर्सच्या हातात दिला. दमली होती. डोळे मिटून पडून राहिली. मी काचेपाशी उभी राहिले. कोणीतरी येऊन भेटीची वेळ संपली म्हणून सांगेपर्यंत राहिले.

शुक्रवार, १ मार्च

चार पाने फाडली. समितीला आज दिलेला मजकूर इथे उतरवते. याला जोडपत्र नाही.

"सोळा फेब्रुवारीच्या निर्णयात मी लिहिले होते: 'नव्या यंत्राने पाच वेळा चूक केली.' ते वाक्य यापुढे असे वाचावे: नव्या यंत्राने पाच आजारी माणसे ओळखली, आणि मी त्यांना निरोगी ठरवून पाठवून दिले. त्यांपैकी एकीने मला समोर बसून सांगितले होते की तिला बरे वाटत नाही. ते मी ऐकले आणि पुराव्यात धरले नाही. चूक माझी आहे.

सही,
समितीची बाहेरची सदस्य, आणि त्या रुग्णाची थोरली बहीण"